केशनिर्मूलनाच्या पद्धती आणि शरीराच्या विविध भागांवरील केसांची वाढ : समज आणि शास्त्र

बीजशब्द : रोमकूप, केशचक्र, अँड्रोजेन, केशनिर्मूलन, हर्सुटिझम

प्रास्ताविक

शरीरावरील नकोसे केस काढून टाकण्याची प्रथा प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणांवरील जे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत केस उगवण्याच्या उपायांबरोबर केस काढून टाकण्याच्या उपायांचाही समावेश आहे. हरताळ आणि चुना यांचा लेप केस झडण्यासाठी भारतात व पश्चिम आशियात दीर्घकाळ वापरला गेला. आज हरताळाची जागा क्रीमने, तर न्हाव्याच्या वस्तऱ्याची जागा घरोघरच्या रेझरने घेतली आहे. दोरा, मेण आणि लेसर या पद्धती लहान शहरांतील ब्यूटी पार्लर व त्वचारोग चिकित्सालयांपर्यंत पोहोचल्या आहेत. साधने बदलली, तथापि केसांविषयीच्या समजुती मात्र फारशा बदललेल्या नाहीत.

'वस्तरा लावला की केस राठ येतात' ही त्यांतील सर्वांत दृढ समजूत होय. मुलीने पायावरून रेझर फिरवू नये म्हणून तिला हीच भीती घातली जाते आणि तान्ह्या बाळाचे जावळ काढताना हीच आशा बाळगली जाते. एकाच समजुतीचा एके ठिकाणी धाक आणि दुसरीकडे भरवसा, असा हा प्रकार आहे. वरवर पाहता ती निरुपद्रवी वाटते. परंतु एखाद्या तरुणीच्या ओठावर वा हनुवटीवर दाट केस येऊ लागतात, तेव्हा 'दोरा फिरवलास म्हणून वाढले' असे सांगून घरचे लोक मोकळे होतात. उपायालाच कारण ठरविले जाते आणि खरे कारण, जे पुष्कळदा संप्रेरकांच्या असंतुलनात असते, ते वर्षानुवर्षे तपासलेच जात नाही.

केस काढण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा केसांच्या वाढीवर नेमका कोणता परिणाम होतो, तो शरीराच्या भागानुसार का बदलतो आणि वाढलेल्या केसांकडे आरोग्याचे लक्षण म्हणून केव्हा पाहावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. रोमकूप आणि केशचक्र

त्वचेबाहेर दिसणारा केसाचा भाग, म्हणजे केशदंड, हा निर्जीव असतो. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा तो धागा होय. त्यात रक्तवाहिनी नसते, मज्जातंतू नसतो. जिवंत आणि वाढणारा भाग त्वचेखाली रोमकूपाच्या तळाशी, केशकंदात असतो. केसाची जाडी, रंग आणि वाढीचा वेग या तिन्ही गोष्टी तेथेच ठरतात.

मानवी शरीरावर सुमारे ५० लाख रोमकूप असतात. त्यांपैकी साधारण १ लाख डोक्यावर असतात. हे सर्व रोमकूप जन्मापूर्वीच तयार झालेले असतात. जन्मानंतर सामान्यतः नवे रोमकूप निर्माण होत नाहीत. म्हणून 'नवे केस आले' असे आपण म्हणतो तेव्हा, पूर्वीपासून असलेल्या रोमकूपाने बारीक, फिकट लवेऐवजी जाड व काळा केस निर्माण करण्यास आरंभ केलेला असतो, इतकाच त्याचा अर्थ होतो.

प्रत्येक रोमकूप तीन अवस्थांतून फिरत राहतो. वर्धनावस्थेत केस वाढतो, संक्रमणावस्थेत वाढ थांबून रोमकूप आक्रसतो आणि विश्रामावस्थेत केस नुसता अडकून राहतो. पुढे तो गळतो व नवे चक्र सुरू होते. शेजारशेजारचे रोमकूप एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. म्हणूनच आपले सर्व केस एकदम गळत नाहीत.

या चक्राचा कालावधी शरीराच्या प्रत्येक भागात वेगळा असतो. डोक्यावरील केसांची वर्धनावस्था साधारण २ ते ६ वर्षे टिकते व कोणत्याही वेळी तेथील सुमारे ८५ टक्के केस वाढत असतात. भुवयांची वर्धनावस्था एकदोन महिन्यांचीच असते. त्यामुळे भुवया न कापताही आखूड राहतात. पायांवर ती काही महिने टिकते आणि त्यानंतर दीर्घ विश्राम असतो. एका वेळी पायावरील जेमतेम २० टक्के केस वाढीच्या अवस्थेत आढळतात, तर वरच्या ओठावर हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असते. एकच पद्धत दोन ठिकाणी वेगळा परिणाम का दाखविते, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे.

२. शरीराचे भाग आणि संप्रेरकांचा प्रभाव

उरलेले अर्धे उत्तर संप्रेरकांत आहे. अँड्रोजेन वर्गातील संप्रेरके स्त्री व पुरुष दोघांच्याही शरीरात असतात. फरक प्रमाणाचा असतो. शरीराचे सर्व भाग त्यांना सारखाच प्रतिसाद देत नाहीत. या दृष्टीने केसांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात.

पहिल्या गटात भुवया व पापण्या येतात. त्यांची वाढ अँड्रोजेनवर अवलंबून नसते. दुसऱ्या गटात काख व जननेंद्रियाभोवतीचा भाग येतो. येथील रोमकूप अल्प अँड्रोजेनलाही प्रतिसाद देतात. म्हणून वयात येताना मुलगे आणि मुली या दोघांनाही तेथे केस येतात. तिसऱ्या गटात वरचा ओठ, हनुवटी, छाती, पाठ व पोट हे भाग मोडतात. तेथील लवेचे जाड केसांत रूपांतर होण्यास अधिक अँड्रोजेन किंवा रोमकूपाची अधिक संवेदनशीलता आवश्यक असते. डोक्याच्या पुढील भागावर तर हेच संप्रेरक आनुवंशिक प्रवृत्ती असल्यास उलट कार्य करते. ज्यामुळे दाढी दाट होते, त्यामुळेच टक्कल पडते. वयात येण्यापूर्वी वृषणे निकामी झालेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, ही गोष्ट अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये मांडली.

लवेचे राठ केसांत रूपांतर करणारी शक्ती रक्तातून रोमकूपापर्यंत पोहोचते, पात्याच्या धारेतून नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

३. पृष्ठभागावरून केस काढणाऱ्या पद्धती

वस्तरा, रेझर, कात्री आणि केशनाशक क्रीम या पद्धती केवळ केशदंडावर कार्य करतात. रेझर तो त्वचेच्या पातळीवर कापतो. क्रीममधील थायोग्लायकोलेट हे रसायन तीव्र अल्कधर्मी माध्यमात केराटिनमधील गंधकाचे बंध तोडते व केस मऊ होऊन पुसला जातो. दोन्ही पद्धतींत केशकंद अबाधित राहतो; त्यामुळे वाढीचा वेग वा जाडी बदलण्याचे कारणच उरत नाही.

हे अनुमान प्रयोगांनीही पडताळले गेले आहे. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये दाढी करणाऱ्या पुरुषांच्या केसांची मोजमापे घेऊन, दाढी केल्याने केसांची जाडी वा वाढीचा वेग वाढत नाही, असा निष्कर्ष काढला. १९७० मध्ये लिनफिल्ड व मॅकविल्यम्स यांनी पाच निरोगी पुरुषांचा एक पाय काही महिने दर आठवड्याला वस्तऱ्याने साफ केला व दुसरा तसाच ठेवला. दोन्ही पायांवरील केसांचे वजन, जाडी व वाढीचा वेग यांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यासातील व्यक्ती थोड्या होत्या, हे खरे. परंतु दोन्ही निष्कर्ष रोमकूपाच्या रचनेशी पूर्णपणे सुसंगत आहेत.

मग हाताला केस राठ का लागतात? याची चार कारणे सांगता येतील. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते. पात्याने कापल्यावर तो मधल्या जाड भागात छेदला जातो व बोथट टोक वर येते. दुसरे कारण यांत्रिक आहे. एका टोकाला घट्ट बसविलेल्या काडीचा ताठपणा तिच्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी निम्मी झाली की ताठपणा आठपट होतो. म्हणून तोच केस लांब असताना मऊ आणि खुंट असताना टोचरा लागतो. तिसरे असे की, नुकताच वर आलेला केस ऊन, साबण व घर्षण यांनी फिका पडलेला नसतो. तो अधिक काळा दिसतो. चौथे कारण वयाचे आहे. मुलेमुली प्रथम रेझर हाती घेतात ते वयात येण्याच्या काळात. त्याच काळात संप्रेरकांमुळे केस आपोआप जाड होत असतात. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीला दुसरीचे कारण मानण्याची चूक सहज होते. बाळाच्या जावळाबाबतही हेच घडते. पहिले मऊ केस गळून त्या जागी जाड केस येणे हा वाढीचा नैसर्गिक क्रम आहे. जावळ काढले नाही तरी तो चुकत नाही.

या पद्धती केसांची वाढ बदलत नसल्या, तरी त्वचेवर त्यांचे परिणाम होतात. कुरळा केस कापल्यावर त्याचे टोकदार अग्र वळून पुन्हा त्वचेत शिरते व तेथे पुळ्या येतात. दाढी व जननेंद्रियाभोवतीच्या भागात हा त्रास विशेष आढळतो. पात्याने होणाऱ्या सूक्ष्म जखमांमुळे जंतुसंसर्गाचा धोका असतो. याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, अगदी आवश्यक असल्यास क्लिपरने कापावेत, असे सांगितले. क्रीम चेहऱ्यावर व नाजूक भागावर भाजल्यासारखी आग करू शकते. काही केशनाशक पावडरींत बेरियम सल्फाइड असते व ते पोटात गेल्यास जीवघेणे ठरते. अशी पावडर लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे आवश्यक आहे.

४. मुळापासून केस उपटणाऱ्या पद्धती

वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा आणि एपिलेटर यांत केस केशकंदाजवळून ओढून काढला जातो. रोमकूपाचा जननक्षम भाग मात्र मागे राहतो व केस पुन्हा येतो. त्यास अधिक अवधी का लागतो, हे साध्या गणिताने समजते. पायावरील केस दररोज सुमारे ०.२ मि.मी. वाढतो असे धरले आणि त्याचे मूळ ३ मि.मी. खोल मानले, तर नुसते पृष्ठभागापर्यंत येण्यासच १५ दिवस लागतात. त्याआधी रोमकूपास नव्याने कामाला लागावे लागते. म्हणून वॅक्सिंगचा परिणाम साधारण ३ ते ६ आठवडे टिकतो. वर येणारा केस निमुळत्या टोकाचा असल्याने मऊ लागतो. 'वॅक्सिंगने केस बारीक होतात' हा समज येथूनच निर्माण झाला असावा. आठवडाभरातच जे केस दिसू लागतात ते बहुधा काढलेले केस नसून, त्या वेळी त्वचेखाली असलेल्या किंवा तुटलेल्या केसांची टोके असतात.

उपटण्याने केस वाढतात काय, या प्रश्नाचे उत्तर अधिक काळजीपूर्वक द्यावे लागते. विश्रामावस्थेतील केस उपटल्यास तो रोमकूप वेळेआधी वर्धनावस्थेत प्रवेश करू शकतो. अमेरिकेतील चेंग-मिंग चुओंग यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. विशिष्ट रचनेत व पुरेशा दाटीने २०० केस उपटले असता, न उपटलेल्या शेजारच्या रोमकूपांनाही संदेश मिळून १,२०० पर्यंत केस उगवले. परंतु हे केस आधीपासून असलेल्या, विश्राम घेणाऱ्या रोमकूपांतून आले. नवे रोमकूप निर्माण झाले नाहीत. शिवाय उंदरांत केशचक्र लाटेसारखे एकसाथ चालते. माणसाच्या त्वचेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. उलट वर्षानुवर्षे उपटलेल्या भुवयांचे काही केस पुन्हा येतच नाहीत. म्हणून भुवया फार बारीक करण्याचा मोह आवरणे शहाणपणाचे ठरते.

उपटण्याच्या पद्धतींमुळे केसतूड, त्वचेत अडकलेले केस आणि काळे डाग हे त्रास उद्भवू शकतात. गहू वर्णाच्या त्वचेत कोणत्याही दाहानंतर डाग उमटण्याची प्रवृत्ती अधिक असते. थ्रेडिंगमुळे चेहऱ्यावरील सपाट चामखीळ एका रेषेत पसरल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविली आहेत. दोरा दातांत धरण्याची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी नवा दोरा वापरावा.

५. रोमकूप नष्ट करणाऱ्या पद्धती

केस कायमचा जावा असे वाटत असेल तर रोमकूपातील जननक्षम पेशींवरच आघात करावा लागतो. सेंट लुईस येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी सूक्ष्म सुईतून विद्युतप्रवाह सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. इलेक्ट्रोलिसिसचा हाच आरंभ होय. ती कोणत्याही रंगाच्या केसास लागू पडते; परंतु प्रत्येक रोमकूपात स्वतंत्रपणे सुई घालावी लागत असल्याने वेळ फार लागतो. त्यामुळे ओठ वा हनुवटीसारख्या लहान भागासाठी ती सोयीची, पाय वा पाठीसाठी अव्यवहार्य ठरते.

या शोधयात्रेत घातक वळणेही आली. व्हिएन्ना येथे लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी १८९६ मध्ये क्ष-किरणांनी केस घालविले. १९२० च्या दशकात अमेरिकेतील सौंदर्यगृहांत हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर हे किरण सोडले गेले आणि पुढे अनेकींना त्वचेचे व्रण व कर्करोग झाले. १९३० च्या सुमारास तेथे थॅलियमयुक्त केशनाशक क्रीम विकली गेली; तिच्या वापराने स्त्रिया पंगू झाल्या. अशा अनुभवांमुळेच १९३८ च्या अमेरिकी कायद्याने सौंदर्यप्रसाधने प्रथमच शासकीय नियंत्रणाखाली आणली. 'कायमचा उपाय' ही जाहिरात किती सावधपणे वाचावी, याचा हा धडा आहे.

लेसर पद्धतीचे तत्त्व अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. केसातील मेलॅनिन विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून तापते व ती उष्णता रोमकूपास इजा करते. मेलॅनिन मुबलक असलेले वर्धनावस्थेतील केस यास चांगले बळी पडतात. म्हणून एका बैठकीत काम संपत नाही. केशचक्रानुसार चेहऱ्यावर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, तर पायांवर त्याहून अधिक अंतराने बैठका घ्याव्या लागतात. पांढरे केस व बारीक लव यांवर लेसर प्रभावी ठरत नाही. लेसरपूर्वी वॅक्सिंग करू नये, कारण लक्ष्य ठरणारा केसच नाहीसा होतो. त्याऐवजी रेझर वापरण्यास सांगतात. ज्या वस्तऱ्याची भीती घातली जाते, तोच या महागड्या उपचाराची पूर्वतयारी ठरतो.

भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने प्रकाश केसाऐवजी त्वचेत शोषला जाऊन भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका असतो. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर अशा त्वचेत तुलनेने सुरक्षित मानला जातो. अमेरिकी औषध प्रशासन लेसरच्या संदर्भात 'कायमची घट' असा शब्दप्रयोग मान्य करते. त्याचा अर्थ सर्व केस जाणे असा नव्हे. याशिवाय एक अनपेक्षित परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. गडद वर्णाच्या काही स्त्रियांमध्ये, मुख्यत्वे चेहरा व मान या भागांत आणि संप्रेरकांचा विकार असताना, लेसरनंतर उपचारित भागात वा त्याच्या कडेला केस वाढल्याचे आढळले आहे. अपुऱ्या उष्णतेने रोमकूप नष्ट न होता उत्तेजित होत असावेत, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. केस काढण्याच्या उपायाने केस वाढू शकतात असे म्हणावयाचेच झाले, तर ते रेझरपेक्षा या पद्धतीबाबत अधिक सयुक्तिक ठरेल.

६. केसांची वाढ : केव्हा सौंदर्याचा प्रश्न, केव्हा आरोग्याचा

डेव्हिड फेरिमन व जे. डी. गॅलवे यांनी १९६१ मध्ये स्त्रियांच्या शरीरावरील केसांचे मोजमाप करण्याची पद्धत मांडली. तिच्या आजच्या रूपात वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा व खालचा भाग, दंड, मांड्या आणि पाठीचा वरचा व खालचा भाग अशा ९ ठिकाणी प्रत्येकी ० ते ४ गुण दिले जातात. साधारणतः ८ वा अधिक गुण असल्यास त्यास हर्सुटिझम म्हणतात; ही मर्यादा वंशानुसार काहीशी बदलते. हात कोपराखाली व पाय गुडघ्याखाली या मोजणीतून वगळले आहेत, कारण तेथील केसांचा संप्रेरकांच्या विकाराशी फारसा संबंध नसतो. पोटरीवरील केसांनी चिंतित होणाऱ्या मुलीस यातून दिलासा मिळावा आणि हनुवटीवरील केसांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कुटुंबास इशारा.

हर्सुटिझमचे सर्वांत सामान्य कारण पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, हे आहे. अनियमित मासिक पाळी, मुरुमे, वंध्यत्व आणि पुढील आयुष्यातील मधुमेह यांच्याशी हा विकार निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तो असलेल्या स्त्रियांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते. चेहऱ्यावरील केस हे त्याचे सर्वांत दृश्य लक्षण. आणि समाजात सर्वप्रथम झाकले जाते तेही हेच. केस थोड्याच महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा पुरुषांप्रमाणे टक्कल पडू लागले, तर बीजकोश वा अधिवृक्क ग्रंथीतील गाठीची शक्यता तपासण्यासाठी विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मूळ कारणावरील औषधांनी केसांची वाढ मंदावते. परंतु केशचक्र दीर्घ असल्याने परिणाम दिसण्यास किमान सहा महिने लागतात. या काळात रेझर, वॅक्सिंग वा थ्रेडिंग करण्यास हरकत नसते. मात्र तपासणीच्या वेळी आपण केस काढतो हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. अन्यथा स्वच्छ चेहरा पाहून निदान हुकू शकते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पृष्ठभागावर केस कापण्याने त्यांची जाडी, संख्या वा वेग बदलत नाही. मुळापासून उपटण्याने वाढ लांबते, थांबत नाही. इलेक्ट्रोलिसिसने केस कायमचा जाऊ शकतो, तर लेसरने केसांची संख्या दीर्घकाळ घटते. लेसरचे यश शरीराचा भाग, केसाचा रंग, त्वचेचा वर्ण व संप्रेरकांची स्थिती यांवर अवलंबून असते. पद्धतीची निवड करताना 'केस राठ होतील का' हा प्रश्न गौण असून 'माझ्या त्वचेस ती मानवेल का' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

केस काढावेत की ठेवावेत, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा विषय आहे. शास्त्राचे सांगणे इतकेच की, केस नव्याने व अनपेक्षित जागी वाढू लागले असतील, तर त्याचा दोष रेझरला वा दोऱ्याला देऊन थांबू नये. महाविद्यालयांतील आरोग्य तपासणीत मासिक पाळीबरोबर केसांच्या वाढीविषयीही संकोच न बाळगता विचारणा झाली, तर अनेक मुलींना वेळेवर उपचार मिळू शकतील.